मागून नेलेला घोडा: बायझंटाईन काळातल्या ओळखीपाळखीच्या सवारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉन्स्टँटिनोपल आणि घोडे म्हटलं की डोळ्यांसमोर हिप्पोड्रोमच्या शर्यती येतात, नाहीतर अंगभर चिलखत चढवलेले स्वार. मला गेली काही वर्षं ओढ लागली आहे ती वेगळ्याच जनावराची. शेजाऱ्याच्या दावणीचं, दोन दिवसांसाठी मागून आणलेलं, तिसऱ्या दिवशी परत बांधायचं घोडं, खेचर किंवा गाढव. त्या जनावराभोवती लोकांनी केवढे बारीक नियम विणले होते हे कळलं तेव्हा मला बायझंटाईन गाव पहिल्यांदा माणसांनी भरलेलं दिसलं. या विषयावर बोलताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

बायझंटाईन म्हणजे नेमका कुठला काळ आणि कुठले लोक?

इ.स. 330 मध्ये कॉन्स्टँटाईन सम्राटाने कॉन्स्टँटिनोपलला राजधानी वसवली आणि 1453 मध्ये ती उस्मानी तुर्कांच्या हाती गेली. या अकराशे वर्षांतल्या पूर्व रोमन साम्राज्याला आपण आज बायझंटाईन म्हणतो. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवून घेत आणि बहुतेक जण ग्रीक बोलत. इथली बरीचशी माहिती सहाव्या ते दहाव्या शतकातली आहे. आजच्या तुर्कस्तानातली खेडी आणि राजधानी हा तिचा मुलूख.

सामान्य माणसाकडे स्वतःचा घोडा नसायचा का?

बहुतेकांकडे नसायचा. शेतकऱ्याच्या घरी आधी बैल, मग गाढव. घोडा ही पुढची पायरी, आणि ती फार उंच. घोडा नांगराला जुंपत नसत, त्यामुळे तो स्वतःचं पोट स्वतः भरणारा नव्हता. वैरणीवर भागत नाही, त्याला चंदी लागते. बायझंटाईन घोड्याची चंदी म्हणजे मुख्यतः जव. जवाचं पीक नीट आलं नाही की घरातल्या माणसांच्या आणि घोड्याच्या तोंडाशी एकच पोतं.

किमतीचा अंदाज हवा असेल तर नोमिस्मा हे त्यांचं सोन्याचं नाणं लक्षात घ्या. एका रोमन पौंड सोन्यातून 72 नोमिस्मा पाडत, म्हणजे एक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं. एका नोमिस्माचे 12 चांदीचे मिलिआरेसिया, किंवा 288 तांब्याचे फोलिस. चांगला घोडा कित्येक बैलांच्या मोलाचा असे. सम्राट पहिला निकेफोरस याने 810 च्या सुमारास हुकूम काढला की, गरीब सैनिकाला फौजेसाठी तयार करण्याचा खर्च त्याच्या गावकऱ्यांनी भरावा, दर माणशी साडेअठरा नोमिस्मा. घोडा बाळगणं एका घराला झेपत नव्हतं हे सरकारलाही माहीत होतं.

दुसऱ्या टोकाची माणसंही होती. दहाव्या शतकातला पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, थिओफिलाक्ट घोड्यांचा एवढा वेडा की त्याच्या पागेत दोन हजारांवर घोडे होते, आणि त्यांना जवाऐवजी बदाम, पिस्ते, खजूर, अंजीर उंची दारूत भिजवून चारत, असं स्कायलिट्झेस हा इतिहासकार लिहितो. एकदा ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी उपासना चालू असताना लाडकी घोडी व्यायल्याची खबर आली, तर हा धर्मगुरू उपासना कशीबशी उरकून शिंगरू बघायला धावला. पागा एवढी भरलेली असताना खेड्यात मात्र एका गाढवावर तीन घरांची कामं निघत.

याला “उसना घोडा” म्हणणं बरोबर आहे का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मराठीतच त्याचं अर्धं उत्तर आहे. आपण साखर उसनी आणतो. ती चहात जाते, आणि परत देतो ती दुसरी साखर, फक्त तेवढीच वाटीभर. शिडी मात्र आपण उसनी आणत नाही, “वापरायला नेतो” आणि तीच परत करतो. रोमन कायद्यात हा फरक काटेकोर होता. खर्चून टाकायच्या वस्तूचा व्यवहार वेगळा, वापरून तीच परत करायच्या वस्तूचा वेगळा. ग्रीक बोलणारे वकील पहिल्याला “दानेऑन” म्हणत आणि दुसऱ्याला “ख्रेसिस”, म्हणजे वापर. घोडा दुसऱ्या खात्यात. दुसरा तसाच घोडा आणून बांधला तर चालत नव्हतं, नेलेलंच जनावर परत यायला हवं होतं.

रोजच्या बोलण्यात लोक इतके काटेकोर नव्हते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री मित्राचं दार ठोठावून तीन भाकरी मागणारा माणूस आहे. त्याच्या तोंडचं क्रियापद “ख्रेसिस”च्याच कुळातलं आहे, आणि भाकरी तर खाल्ल्यावर संपणारी. बोलीभाषा सगळीकडे सारखीच सैल असते.

जाता जाता: ग्रीकमध्ये आज घोड्याला “आलोगो” म्हणतात. “आलोगोन” म्हणजे बुद्धी नसलेलं, मुकं जनावर. घोड्यासाठी तो शब्द बायझंटाईन काळातच रुळला. मुकी जनावरं अनेक, पण “जनावर” म्हटलं की घोडाच डोळ्यांपुढे यावा, इतकं त्याचं महत्त्व.

घोडा मागताना काय ठरवायचं असे?

दोनच गोष्टी: कुठवर आणि कशासाठी. या सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

533 मध्ये जस्टिनियन सम्राटाने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी “इन्स्टिट्यूट्स” आणि जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा मोठा संग्रह “डायजेस्ट” जाहीर केला. डायजेस्टमध्ये उल्पियन या पंडिताचं एक साधं उदाहरण आहे. मी तुला घोडा दिला तो मळ्यापर्यंत न्यायला, आणि तू नेलास लढाईवर; तर तू मला जबाबदार. इन्स्टिट्यूट्स त्याच्याही पुढे जाते. फेरफटक्यासाठी मागून घेतलेला घोडा कुणी आणखी लांब नेला, तर ती चोरी. घोडा हाती आला मालकाच्या राजीखुशीनं, तरीही चोरी. कारण मालकानं दिला होता तो घोड्याचा एक ठराविक वापर. त्याच्या पलीकडची प्रत्येक टाप न विचारता घेतलेली.

ही कल्पना जस्टिनियनच्याही आधीची. रोममध्ये एका माणसाने अरिकिया गावापर्यंत म्हणून घोडा मागितला आणि गावापलीकडच्या चढापर्यंत नेला, तेवढ्यावरून त्याला दोषी धरल्याची हकिकत जुन्या रोमन लेखनात येते. अरिकिया ते तो चढ हे अंतर किरकोळच. शिक्षा झाली ती शब्द मोडल्याची.

741 च्या सुमारास तिसऱ्या लिओ सम्राटाने “एक्लोगा” नावाचा ग्रीक कायदासंग्रह काढला. न्यायाधीशांना लॅटिन ग्रंथ झेपेनासे झाले होते, म्हणून सोप्या भाषेत निवडक तेवढं घ्यायचं, हा त्याचा हेतू. म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तावून सुलाखून ठरलं होतं. तरी त्यात हे कलम आहे: ठराविक ठिकाणापर्यंत म्हणून कुणी घोडा घेतला, पुढे नेला, आणि घोड्याला इजा झाली किंवा तो मेला, तर मालकाचं नुकसान भरून द्यायचं. इतक्या छोट्या पुस्तकात या गोष्टीला जागा मिळाली, त्या अर्थी अशी भांडणं न्यायाधीशापुढे येतच असणार.

“मालक नाही म्हणाला नसता” असं मनापासून वाटलं, तर?

मग चोरी नाही. इन्स्टिट्यूट्समध्ये हे स्पष्ट आहे: मालकाची तयारी नसेल हे माहीत असूनही पुढे नेलं तरच चोरी. मालक हरकत घेणार नाही अशी खरोखर समजूत असेल, तर चोरीचा आळ येत नाही, कारण चोरीला चोरीची बुद्धी लागते.

म्हणजे कायद्याने इथे ओळखीला किंमत दिली. समोरचा मला किती ओळखतो, मी त्याला किती ओळखतो, यावर एकच कृती गुन्हा ठरते किंवा आगाऊपणा ठरते. कोरड्या समजल्या जाणाऱ्या कायद्यात एवढी माणसाची जाण आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

वाटेत जनावर मेलं किंवा लंगडं झालं तर कोण भरायचं?

कशामुळे झालं त्यावर.

फुकट वापरायला घेणाऱ्याचा सगळा फायदा एकतर्फी असतो, म्हणून त्याच्याकडून काळजीही सर्वांत जास्त अपेक्षित. डायजेस्टच्या भाषेत, अत्यंत दक्ष घरधनी आपल्या वस्तूची घेईल तेवढी. “माझं असतं तर मी एवढंच बघितलं असतं” हे उत्तर चालत नव्हतं. माणसाच्या हाताबाहेरच्या गोष्टी मात्र त्याच्यावर येत नसत. दरोडेखोर, शत्रूचा छापा, आग, जहाज बुडणं. ठरल्या वाटेवर ठरल्या कामाला जाताना दरोडेखोरांनी घोडा नेला, तर नुकसान मालकाचं. ठरल्या गावापुढे जाऊन तेच झालं, तर तुमचं, कारण त्या वाटेवर घोडा असायलाच नको होता.

आणि आता डायजेस्टमधलं पॉम्पोनियस या पंडिताचं एक वाक्य. ठराविक ठिकाणापर्यंत जायला मी तुला घोडा दिला, वाटेत तुझ्या काही चुकीशिवाय घोडा खंगला, तर तू जबाबदार नाहीस. चूक माझी. एवढा लांबचा पल्ला ज्याला झेपणार नाही असा घोडा मी दिलाच का? म्हाताऱ्या घोड्याला खरारा करून, तंग आवळून, “एकदम तयार आहे” म्हणत हाती देणाऱ्या मालकाला हे उत्तर आहे. देणाऱ्यानं उपकार केला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही.

खेड्यांसाठी वेगळा एक छोटा संग्रह होता, “नोमोस जॉर्जिकॉस”, म्हणजे शेतकरी कायदा. सातव्या-आठव्या शतकातला, सुमारे 85 कलमांचा. त्याची भाषा रांगडी आहे. कामासाठी बैल मागून नेला आणि तो मेला, तर पंचांनी तपासायचं: ज्या कामासाठी मागितला होता त्याच कामात मेला असेल, तर नेणारा निर्दोष. दुसऱ्याच कामात मेला असेल, तर पूर्ण बैल भरून द्यायचा. रोममधल्या पंडितांची तीच दोन मापं, कुठवर आणि कशासाठी, अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, बांधावर येऊन बसलेली.

बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या बाविसाव्या अध्यायात आणखी एक माप आहे. शेजाऱ्याकडून मागून आणलेलं जनावर जखमी झालं किंवा मेलं, आणि मालक सोबत नव्हता, तर भरपाई द्यायची. मालक सोबत असेल, तर नाही. मालक डोळ्यांदेखत असताना जे झालं त्याचा साक्षीदार तो स्वतःच.

आपल्याकडची सावड किंवा इर्जिक ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही. एक बैल माझा, एक तुझा, आज तुझं रान, उद्या माझं. तिथेही भांडण लागतं ते बैल दिल्यावरून नाही, ठरल्यापेक्षा जास्त राबवल्यावरून लागतं.

पण खरं काय घडलं हे सिद्ध कसं करायचं? रानात साक्षीदार कुठून आणायचा?

याची झलक शेतकरी कायद्यातल्या गुराख्याच्या कलमांत दिसते. सकाळी शेतकऱ्यानं बैल सोपवला, रानात लांडग्यानं फाडला, तर गुराख्यानं मालकाला मेलेलं जनावर दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. बैल हरवला, तर त्याच दिवशी मालकाला जाऊन सांगायचं: इथपर्यंत मी बैल पाहिला, पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. तेवढं सांगितलं तर त्याच्यावर काही नाही. दोन दिवस गप्प बसून मग सांगणाऱ्याची ती सोय गेली. म्हणजे खेड्यातला पुरावा होता तो वेळेवर कळवणं, आणि जिथे काहीच दाखवता येत नाही तिथे शपथ.

घंटेचंही एक कलम आहे. बैलाच्या किंवा मेंढीच्या गळ्यातली घंटा कुणी चोरली, तर त्याला फटके. आणि घंटा नसल्यानं ते जनावर सापडेनासं झालं, तर जनावराची भरपाईही त्या घंटाचोराकडून. धुक्यात, झाडीत, संध्याकाळी जनावर कुठे आहे ते त्या खणखणाटावरूनच कळायचं. ज्यानं तो आवाज नेला, त्यानं जनावरच नेलं.

चंदी-वैरणीचा खर्च कोणाचा?

नेणाऱ्याचा. रोजचं खाणंपिणं वापरणाऱ्यानं बघायचं, हे डायजेस्टमध्ये सरळ सांगितलं आहे. दुखण्याचा मोठा खर्च आला, तर तो मालकाकडून मागता येत असे. दोन मुठी जवाचा हिशेब मालकापुढे मांडायचा नाही, पण जनावर वाचवायला पदरचे पैसे घातले तर ते बुडायचेही नाहीत. अगदी शेजारधर्माला शोभेल असा तोल.

मालक मध्येच “आण माझं घोडं” म्हणू शकतो का?

नाही. पॉलस या पंडिताचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. वस्तू वापरायला देणं ही खुशीची गोष्ट, सक्ती नाही. किती दिवस, कशासाठी, हे ठरवायचा हक्कही देणाऱ्याचाच. पण एकदा ते ठरवून दिल्यावर मुदतीआधी वस्तू ओढून घेता येत नाही. कारण समोरचा त्या भरवशावर घराबाहेर पडलेला असतो. मदत करतो म्हणून माणसाला वाटेत उतरवायचं, याला मदत म्हणत नाहीत.

परत पाठवताना दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तो पळाला, तर?

हे तर हमखास घडणारं. मालकानं माणूस पाठवला, तुम्ही लगाम त्याच्या हाती दिला, आणि तो माणूस घोड्यासकट नाहीसा झाला.

डायजेस्ट विचारतो: मालकानं त्याला कशासाठी पाठवलं होतं? त्याच्याकडे घोडा द्यायला सांगितलं असेल, तर नुकसान मालकाचं. नुसती आठवण करून द्यायला पाठवलं असेल, तर तुम्ही घोडा त्याच्या हाती दिलातच का? मग नुकसान तुमचं. बारकावा असा की दोन्ही वेळा दारात येणारा माणूस तोच, आणि म्हणणारही तेच, “धन्यानं पाठवलंय”.

थोडं भाडं दिलं तर?

मग तो वापरायला देण्याचा व्यवहार राहत नाही, भाड्याचा होतो आणि त्याचे नियम वेगळे. फुकट असणं ही इथली अट आहे.

न विचारताच नेलं तर?

शेतकरी कायदा: मालकाला न कळवता बैल, गाढव किंवा दुसरं कुठलं जनावर घेऊन कामाला गेला, तर भाडं दुप्पट. वाटेत मेलं तर एकाला दोन जनावरं. फौजेच्या तळावर हात आणखी कडक होता. एक्लोगाप्रमाणे तळावर हत्यार चोरणाऱ्याला फटके आणि जनावर चोरणाऱ्याचा हात तोडायचा. तलवारीपेक्षा जनावर महाग धरलं, कारण ओझ्याचं जनावर गेलं की तळ जागचा हलत नाही.

सरकारी टपालाचे घोडे होतेच ना? लोक ते वापरत नसत?

कायद्यानं नाही. “द्रोमोस” ही सरकारी टपालाची आणि निरोप्यांची व्यवस्था होती, आणि तिच्या घोड्यांवर बसायला परवाना लागे. सहाव्या शतकातला प्रोकोपियस सांगतो की पूर्वी एका दिवसाच्या वाटेवर पाच ते आठ ठाणी असत आणि प्रत्येक ठाण्यावर चाळीस घोडे तयार असत. जस्टिनियनने बऱ्याच वाटांवरची ही व्यवस्था मोडली याचा त्याला राग आहे. त्यानं नोंदवलेलं एक कारण मनाला लागतं. ठाण्यांच्या आसपासचे शेतकरी घोड्यांसाठी आणि मोतद्दारांसाठी धान्य विकून पैसा मिळवत. ठाणी गेल्यावर माल शेतात कुजला.

मागून घेतलेल्या जनावराला माणसं कशी वागवत याचा मागमूसही या टपालाच्या कायद्यांत सापडतो. कॉन्स्टँटाईनच्या काळातला एक हुकूम म्हणतो की, टपालाच्या जनावरांना गाठाळ, जाडजूड सोटे मारू नयेत, छडी किंवा टोचणी लावलेला चाबूक पुरे. 385 चा हुकूम खोगिराचं वजन बांधून देतो: लगामासकट खोगीर 60 पौंडांपर्यंत, मागची प्रवासी पिशवी 35 पौंडांपर्यंत. रोमन पौंड सुमारे 325 ग्रॅमचा, म्हणजे खोगीर साडेएकोणीस किलो आणि पिशवी अकरा-साडेअकरा. त्याहून जड खोगीर सापडलं तर तोडून टाकायचं. हुकूम काढावा लागला, त्या अर्थी लोक परक्या पाठीवर वाट्टेल तेवढं लादत होते.

बायका घोड्यावर बसत का?

बसत, पण सगळ्यांना ते जमत किंवा रुचत नसे. नवव्या शतकातली पेलोपोनीजची गडगंज जमीनदारीण दानिएलिस सम्राट पहिल्या बॅसिलला भेटायला राजधानीला गेली. तिला घोड्यावर किंवा गाडीत बसवत नव्हतं, म्हणून पालखीतून गेली, आणि पालखी खांद्यावर घ्यायला आळीपाळीने तीनशे तरुण. ती ज्याला भेटायला गेली तो बॅसिल कधी काळी एका सरदाराचा मोतद्दार होता, आणि सम्राटाचा हूड घोडा वठणीवर आणल्यामुळे दरबारात वर चढला होता.

साधू-भिक्षूंना सवारी चालत असे का?

गरजेपुरती. स्टुडिओस मठाचा थिओडोर, मृत्यू 826, मृत्युपत्रात मठाच्या पुढच्या प्रमुखाला सांगून ठेवतो: गरज नसताना घोड्यावर, खेचरावर बसू नको, ख्रिस्तासारखा पायी चाल, आणि गरज पडलीच तर गाढवाचं शिंगरू घे.

त्या शिंगरामागे एक गोष्ट आहे, आणि ती मागून आणलेल्या जनावराचीच. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये ती वाचली जाई. येशू दोन शिष्यांना समोरच्या गावात पाठवतो: तिथे बांधलेलं शिंगरू सोडून आणा. कुणी विचारलं तर सांगा, प्रभूला त्याची गरज आहे आणि तो ते लगेच परत पाठवील. मार्कच्या शुभवर्तमानात परत पाठवण्याचा हा शब्द आहे. गावकरी विचारतात, शिष्य सांगतात, गावकरी नेऊ देतात. कशासाठी हवं ते सांगितलं आणि परत येईल असा शब्द दिला. ज्यांच्या घरी फक्त गाढव होतं, त्या बायझंटाईन शेतकऱ्यांना हे वाचन ऐकताना आपल्याच दावणीची आठवण झाली असेल, असं मला नेहमी वाटतं.

परक्या माणसाला जनावर कोण देणार?

ओळख नसली की हाल. क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड 968 मध्ये जर्मन सम्राट ऑटोचा दूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला आला. भर पावसात दाराबाहेर थांबवून ठेवला, मग आत सोडला तो घोड्यावरून नव्हे, पायी. त्याच्या मते हा अपमानच होता. परतीच्या वाटेवर राजधानीहून ग्रीसमधल्या नाफपाक्टोसपर्यंत 49 दिवस लागले. ते दिवस कसे गेले याची त्यानं लॅटिनमध्ये एक लांबलचक माळ गुंफली आहे: गाढवावर बसून, चालून, घोड्यावर बसून, उपाशी राहून, तहानेनं, उसासे टाकत, रडत, कण्हत. ल्युटप्रांड तिखट लिहिणारा होता आणि यजमानांवर चिडलेला, तेवढं वजा करून वाचा. पण मिळेल त्या पाठीवर बसायचं आणि नाही मिळालं की चालायचं, हे ओळखीविना प्रवास करणाऱ्याचं खरंखुरं चित्र आहे.

घोडा मागितल्याची एखादी प्रत्यक्ष हकिकत आहे का?

आहे. तिच्यासाठीच मी या विषयात अडकलो.

आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तरेला, पॅफ्लागोनियातल्या अम्निया गावात फिलारेटोस नावाचा जमीनदार होता. 822 मध्ये त्याच्या नातवानं, निकेटासनं, त्याचं चरित्र लिहिलं. त्यात भरभराटीच्या दिवसांतली मोजदाद आहे: नांगराच्या बैलांच्या शंभर जोड्या, कुरणावर आठशे घोड्या, सवारीचे ऐंशी घोडे-खेचरं, बारा हजार मेंढ्या. मग अरबांच्या धाडी आल्या, शेजारच्या बड्यांनी जमिनी बळकावल्या, आणि जे हाती होतं ते फिलारेटोस स्वतः वाटत गेला. शेवटी उरलं ते बैलांची एक जोडी, एक घोडा, एक गाढव, एक गाय आणि तिचं वासरू, आणि मधमाश्यांची पोळी.

एका शेतकऱ्याचा बैल औत चालू असतानाच मेला. तो रडत आला, फिलारेटोसनं जोडीतला एक बैल देऊन टाकला. मग आला एक सैनिक. त्या काळचा घोडेस्वार म्हणजे आपल्या शब्दांत बारगीर नव्हे, शिलेदार. घोडा स्वतःचा आणायचा. फौजेची हजेरी होती, अधिकारी येऊन ठेपले होते, आणि नेमका तेव्हाच याचा घोडा कोसळून मेला. दुसरा घ्यायला पैसे नाहीत. हजेरीला पायी उभं राहिलं तर शिक्षा.

तो फिलारेटोसकडे आला आणि त्यानं घोडा कायमचा मागितला नाही. तेवढ्यापुरता मागितला: हजेरी पार पडू दे, मी परत आणून बांधतो. कुठवर आणि कशासाठी, दोन्ही मागणीत होतं. कायद्याच्या दृष्टीनं चोख मागणी.

फिलारेटोसनं उलट विचारलं, हजेरी झाली, घोडा परत दिलास, मग पुढे काय करशील? सैनिक म्हणाला, आजचा दिवस तर निभेल. नंतर पाय नेतील तिकडे पळून जाईन, कारण दुसरा घोडा आणायचं माझ्यात बळ नाही.

हे ऐकल्यावर फिलारेटोसनं घोडा वापरायला दिलाच नाही. देऊनच टाकला. सैनिक त्यावर बसून हजेरीला गेला. घरी बायकोनं, थिओसेबोनं, डोक्याला हात लावला.

थोड्या दिवसांनी कुणी गरीब वासरू मागायला आला, तेही दिलं. गाय दाराशी येऊन हंबरू लागली. थिओसेबो म्हणाली, पोरांची दया नाही ती नाही, निदान या मुक्या जिवाची तरी करा, वासरापासून तोडलंत तिला. फिलारेटोसला ते पटलं. त्यानं वासरू नेणाऱ्याला हाका मारून परत बोलावलं, वासरू गाईपाशी आणवलं, आणि गाईचं दावंही त्याच्याच हातात दिलं.